घडीवरची ओळ

सोमवार, ता. ३, दुपार

तीर्थरूप ताईस,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवावं लागतंय की या घरात गेली तीन वर्षं गरम पाण्याची पिशवी नाही.

लाल रबराची, एका कोपऱ्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेली, आपल्या दोघींच्याही पोटदुखीची साक्षीदार असलेली ती पिशवी तू जाताना घेऊन गेलीस. माणसं भांडून घर सोडतात तेव्हा दागिने नेतात, कागदपत्रं नेतात, निदान स्वतःची उशी तरी नेतात. तू पिशवी नेलीस. परिणामी आज मावशीच्या पाठीला शेक द्यायचा म्हणजे मला काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून तिला लोकरीचा मोजा घालावा लागतो. बाटली ही जात मुळात बेइमान. पाठीखाली ठेवली की कूस बदलते. आज सकाळी ती पलंगावरून सुटली ती थेट मोरीपर्यंत गडगडत गेली आणि सत्तेचाळीस वर्षांची एक बाई मोज्यामागे धावली. मावशी इतकी हसली की तिला खोकला आला. मग खोकलाच येत राहिला.

हो, मावशीला बरं नाही. घाबरू नकोस, साधी सर्दी आहे. थोडा ताप, थोडा खोकला. या दिवसांत गल्लीतल्या निम्म्या घरांतून खोकल्याचाच आवाज येतोय. समोरचा चावीवाला खोकला की आमच्याकडून उत्तर जातं. काळजीचं काही असतं तर मी पत्र लिहिलं असतं का? काही नाही, म्हणूनच लिहितेय. माझा फोन तू अडवून ठेवला आहेस, त्यामुळे काळजी नसल्याचं कळवायला मला टपालखात्याचे पाय धरावे लागतात.

माझं म्हणशील तर तीच नोकरी, तेच टेबल. ताकदीच्या गोळ्यांच्या डब्यांत घालायचे कागद लिहिते. माणसाचं शरीर हे जणू लोखंडी फाटक असून ते आतून गंजतं आणि आमची गोळी हा त्यावरचा रंग आहे, हे मी आता झोपेतही लिहू शकते. आमचे साहेब, ज्यांना मी ‘शंभर टक्के’ म्हणते कारण ते दर वाक्याला तेवढे टक्के देतात, माझ्यावर खूश आहेत. आठ इंची कागद, तीन घड्या, एकशे दहा ओळी. त्यात जग बसवायचं.

त्या दिवशी तू माझ्या टेबलावरचा असाच एक कागद उचललास, उलगडलास, घडीवर बोट ठेवून विचारलंस, “ही ओळ बरोबर इथेच का?” मी म्हणाले, “दुसरीकडे जागा नव्हती.” तू म्हणालीस, “जागा होती. लाज नव्हती.” कुठली ओळ ते आता उगाळत बसत नाही. तीन वर्षांत तिचे पुरेसे चटके बसलेत.

तर पिशवी पाठव. आणि बुचासकट पाठव. अर्धवट परतफेड मी स्वीकारणार नाही.

तुझी,
जिला मावशी ‘वकीलबाई’ म्हणते ती


बुधवार, ता. ५, सकाळ

ताई,

सर्दी नव्हती. नाकात काडी घालून तपासणी झाली. साथीचा आहे तोच आजार. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, विषाणूचा आहे, त्यावर रामबाण असं काही नाही. विश्रांती, भरपूर पाणी, तापाची गोळी आणि बोटाला लावायचं ते यंत्र. आकडा ब्याण्णवच्या खाली गेला तर इस्पितळ. आत्ता शहाण्णव आहे. मी दिवसातून किती वेळा बघते ते विचारू नकोस. मावशी म्हणते, “अगं, सारखं बोट चिमटीत धरून ठेवलंस तर आकडा लाजूनच खाली जाईल.”

ती तिच्या खोलीत, मी बाहेर. तोंडाला फडकं बांधून आत जाते. ती म्हणते, “दरोडा घालायचा तर कपाटाची किल्ली उशाखाली आहे.”

तिच्या हृदयातल्या झडपेच्या गोळ्या मी वेळेवर देते. तूच तक्ता करून भिंतीला चिकटवला होतास ना, तो अजून आहे. रक्त पातळ ठेवायची संध्याकाळची गोळी एकदाही चुकलेली नाही. लोखंडाची नव्हे पण काय त्या धातूची ती झडप अकरा वर्षं टिकटिक करतेय. शांत खोलीत अजूनही ऐकू येते. पूर्वी मला तिचा राग यायचा. आता मी दाराला कान लावून उभी असते.

सल्लागारांचा सुकाळ आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू वाफेचं सांगून गेल्या, चावीवाला लिंबाचं. ‘शंभर टक्के’ साहेबांचा फोन आला. “मावशींना आपलीच सुरू कर! श्वसनाच्या आजारात सहाय्यक म्हणून शंभर टक्के!” मी विचारलं, “साहेब, आपल्याकडे त्याचा पुरावा?” म्हणाले, “अगं, तूच तर लिहिलंयस.”

लिहिलंय मीच. ‘विषाणूजन्य आजाराच्या काळात शरीराच्या नैसर्गिक लढ्याला साथ.’ मोठ्या अक्षरांत. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही, पुरेसं ठाऊक नाही, हे छोट्या अक्षरांत. साथ देते म्हटलंय, बरं करते असं आम्ही कुठे म्हटलं? बारशाला आलेली बाईही आईला साथच देते, मूल काही ती जन्माला घालत नाही.

मी साहेबांना हो-नाही काही म्हटलं नाही. पलंगाखाली नमुन्याची खोकी आहेत, ती गेली दोन वर्षं तिथेच आहेत, एवढंच.

तुला एक गंमत सांगायची राहिली. माझा तो कागद मावशी चष्म्याच्या डबीत ठेवते. आल्यागेल्याला भिंग लावून वाचून दाखवते. “आमच्या धाकटीने लिहिलंय. छापून आलंय.” जणू कादंबरीच! त्यात ‘शरीरातील मोकाट कण’ असा माझाच एक शब्द आहे. तिला तो फार आवडतो. परवा पोस्टमनला विचारत होती, “तुमच्यात आहेत का मोकाट कण?” तो बिचारा म्हणाला, “साहेबांना विचारून सांगतो.”

वाचून झालं की ती कागद पुन्हा घडी करते. तुला आठवतात तिच्या घड्या? तीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी दुमडलेली बाई. आपण कागदाची घडी कशीही घालू. ती नाही. मूळ घडी होती तिथेच, काठाला काठ, आणि वरून अंगठ्याचं नख, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दरवेळी. “घडी मोडली की कापड रडतं,” असं म्हणायची ना.

जेवत नाही. दोन घास सूप, अर्धा ब्रेड. तोंडाला चव नाही म्हणते.

पिशवीचं बघ.


गुरुवार, ता. ६, सकाळ

ताई,

हे कुरिअरने पाठवतेय. टपालाचा भरवसा नाही आणि माझाही.

आकडा त्र्याण्णव. मधेच चौऱ्याण्णव. ब्याण्णव नाही. मी चिमटा बदलून पाहिला, बोट बदललं, स्वतःला लावून पाहिला. माझा अठ्ठ्याण्णव आला तेव्हा इतकी चीड आली की यंत्र आपटणार होते.

एक विचारायचं होतं. तू रोज अशी माणसं बघतेस. सगळं जग तुला सिस्टर म्हणतं, सख्ख्या बहिणीलाच काय ते म्हणता येत नाही. तर सिस्टर, मनगटावर आलेला जांभळा डाग एका दिवसात कोपरापर्यंत पसरतो का? काल सकाळी रुपयाएवढा होता. तिला दाराची कडी लागली असेल. लागलीच असणार. मी विचारलं तर म्हणाली, “लागली असेल, वयाला काय लागत नाही?” आज दात घासताना बेसिनमध्ये लाल पाणी होतं. ब्रश कडक आहे. नवा आणते.

माझ्या लिहिण्यात आज चुका फार होतायत. हात गार पडलेत.

पिशवी नसली तरी चालेल. फक्त तुझ्या ओळखीच्या कुणा डॉक्टरला त्या डागाचं विचार. नुसतं विचार. मला कळवलं नाहीस तरी चालेल, इथल्या कुणा डॉक्टरला तरी कळव.


शुक्रवार, ता. ७, इस्पितळ, दुसऱ्या मजल्यावरचा बाक, दुपारी तीन

ताई,

काल दुपारी तिच्या नाकातून रक्त आलं. खोकल्याच्या एका उबळीने सुरू झालं आणि थांबेना. मी नाक चिमटीत धरलं, मान पुढे केली, तू शिकवलं होतंस तसं. दहा मिनिटं. वीस. पांढरा टॉवेल संपला, निळा घेतला. ती तोंडाने श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाला घर्र घर्र. मधे थांबून मला काय म्हणाली माहीत आहे? “टॉवेल थंड पाण्यात भिजव. गरम पाण्यात घातलास तर डाग कायमचा बसतो.”

यंत्रावर एकोणनव्वद.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने तिला उचललं तेव्हा ती मला म्हणाली, “वकीलबाई, चष्म्याची डबी घे गं.” मी घेतली.

आता ती आत आहे. नाकात बोळे, तोंडावर ऑक्सिजन. काचेतून तिचे पाय दिसतात. पांघरुणाची कड तिने पायाच्या अंगठ्यांनी सरळ केलीय.

डॉक्टर तरुण आहे. दोन दिवस झोपली नसावी, पण आवाज खाली ठेवून बोलते. मला बाहेर बोलावून तिने नीट समजावलं. मावशीचं रक्त किती पातळ आहे याचा एक आकडा असतो, तुला माहीत आहे; झडपेमुळे तो तीनच्या आसपास ठेवायचा. तो साडेसातवर गेलाय. रक्त घट्ट करायचं औषध सढळ हाताने द्यावं तर धातूच्या झडपेवर गुठळी धरते आणि झडप अडकते. नाही द्यावं तर रक्त वाहतं. कदाचित डोक्यातही वाहील. “आम्ही तारेवरून चालतोय,” ती म्हणाली. “म्हणून तुम्हाला विचारते. त्यांच्या पोटात काय काय गेलंय ते सगळं मला हवं. झडपेच्या गोळ्या, तापाची गोळी, हे कळलं. आणखी काही? काढे, ताकदीच्या गोळ्या, कुणी दिलेलं काही?”

मी म्हणाले, “नाही.”

ताई, मी नाही म्हणाले.

माझ्या खांद्याला कंपनीची कापडी पिशवी होती. त्यावर हिरव्या अक्षरात ‘आतून मजबूत’. मी ती पाठीमागे सरकवली आणि नाही म्हणाले. डॉक्टरने लिहून घेतलं. तिच्या पेनाचा आवाज मला ऐकू आला.

आता तुला सांगते, कारण तुला सांगणं सोपं आहे, तू समोर नाहीस.

दाराची कडी लागली हे खोटं. त्यावर माझाही विश्वास नव्हता. रविवारी तिचा घसा धरला तेव्हा पलंगाखालचं खोकं मीच ओढलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. लेबलावर होतं तसं. इतकी वर्षं लिहिलं, म्हटलं, निदान खोकं तरी रिकामं होईल. विनोदच केला मी त्यावर. म्हणाले, “घे, तुझे मोकाट कण दावणीला बांधू.” ती म्हणाली, “आण, तुझ्या हातचं आहे.”

मंगळवारी पाहिलं तर ती चार घेत होती. मी ओरडले. तिने मलाच कागद उघडून दाखवला, भिंगाखाली. ‘आजारपणात गरजेनुसार मात्रा वाढवता येते.’ “गरज आहे की नाही मला? तूच लिहिलंयस.” ‘गरजेनुसार’ हा शब्द मी ओळ भरायला घातला होता. अडीच सेंटीमीटर रिकामे राहत होते.

आणि मला ती दुसरी ओळ ठाऊक होती. तुला आठवतेच. त्या गोळीत ई जीवनसत्त्व भरपूर आहे, रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत ते घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं. कायद्याने छापावी लागते. साहेब म्हणाले होते, “छाप ना, शंभर टक्के छाप. फक्त डोळ्यात खुपायला नको.” मी ती ओळ घडीवर नेली. दुसऱ्या घडीच्या बरोबर चुणीत. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. नंतर ऑफिसात सगळे तसंच करायला लागले. ‘घडीवर टाक’ असं म्हणतात आता. माझ्या नावावर एवढा एकच शोध आहे.

मंगळवारी मावशीने कागद उलगडला तेव्हा मी ती ओळ शोधली. नव्हती. म्हणजे होती, पण अक्षरं उडाली होती. दोन वर्षं ती बाई अभिमानाने कागद उघडते आणि नेमक्या त्याच घडीवर अंगठ्याचं नख फिरवून मिटते. दुसऱ्या कुणाच्याही घरात ती ओळ वाचता आली असती. आपल्या घरात नाही.

मंगळवारी मला कळलं होतं, ताई. तरी मी काय केलं? खोकं पलंगाखाली ढकललं आणि स्वतःशी म्हणाले, जीवनसत्त्वं आहेत, भाजीतही असतात. त्यानंतर मी तिला दिल्या नाहीत, हे खरं. पण काढूनही घेतल्या नाहीत. काढून घेतल्या असत्या तर का ते सांगावं लागलं असतं.

पत्र पेटीत टाकायला खाली जाईन म्हणते. जिना उतरते नि पुन्हा वर येते. काचेतून पाय दिसतायत का ते बघायला.


शनिवार, ता. ८, तोच बाक, दुपारी एक

ताई,

सांगितलं.

सकाळी साडेआठला डॉक्टर फेरीला आली. माझं भाषण तयार होतं. त्यात ‘कदाचित’, ‘अनवधानाने’ असे शब्द होते. ओळ भरायचे शब्द. ती समोर आली आणि मला त्यातला एकही आठवेना. चष्म्याची डबी उघडून मी तो कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “काल मी खोटं बोलले. ती या गोळ्या घेत होती.”

ती वाचत खाली गेली. गंजलेलं फाटक, मोकाट कण, साथ. दुसऱ्या घडीवर थांबली. कागद खिडकीकडे धरला. तिरका केला.

“इथली अक्षरं उडालीत. काय लिहिलंय?”

मी सांगितलं, “‘रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.’”

“तुम्हाला पाठ आहे?”

“मीच लिहिलीय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर लोकांच्या नजरांवर विनोद केलेत. या नजरेवर करता येईना. ती रागावलेली नव्हती. दमलेली होती फक्त, आणि मी तिचं काम वाढवलं होतं.

“कधीपासून? किती?”

खोकं मी सोबत आणलं होतं, कंपनीच्या पिशवीत. सकाळी सहाला घरी जाऊन घेऊन आले. पाकिटांतले रिकामे खळगे तिच्यासमोरच मोजले. एकतीस. रविवारपासून गुरुवार दुपारपर्यंत. माझा अंदाज वीसचा होता. मी बाहेर असताना ती घेत राहिली होती. लवकर बरी व्हायला. मला त्रास नको म्हणून.

“फक्त याच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाली. “ताप, चार दिवस पोटात अन्न नाही, त्यानेही हा आकडा चढतो. पण हे त्यात भर घालतं. हे माहीत नसताना आम्ही रात्रभर दुसरंच कारण शोधत होतो.” मग एवढंच, “मी काल विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

ती आत गेली. मी बाकावर बसले. मग दीड तास आतून कुणी बाहेर आलं नाही. सफाईवाली बाई माझ्या पायांखालून फडकं मारून गेली. म्हणाली, “पाय उचला, बाई.” मी उचलले आणि खाली ठेवायचे विसरले. परत आली तेव्हा म्हणाली, “आता ठेवा.”

साडेअकराला वॉर्डच्या मुख्य सिस्टर बाहेर आल्या. उंच, कडक बाई, काल मला दोनदा हाकललं होतं. म्हणाल्या, “तुमची बहीण नर्स आहे का?”

मला वाटलं, कुणीतरी गेलं की नातेवाइकांना गोळा करताना विचारतात तसं विचारतायत.

“फोन आला होता त्यांचा, आत्ताच. हातात पत्र होतं म्हणाल्या; इस्पितळ कुठलं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून कळलं. हातावर पसरणारा डाग, हिरड्यांतून रक्त, असं वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘माझी धाकटी बहीण सांगणार नाही, पण घरात त्या ताकदीच्या गोळ्या आहेत. आधी ते बघा.’”

मी विचारलं, “तुम्ही काय म्हणालात?”

“खरं तेच. धाकटीने सकाळी साडेआठलाच सांगितलंय.”

“मग?”

“मग काही नाही. ‘साडेआठला? तिने स्वतः?’ असं विचारलं. आणि फोन ठेवला.”

ताई, तू तीन तास आधी फोन केला असतास तर मी आयुष्यभर अशी बाई राहिले असते जिच्याबद्दल दुसऱ्याला सांगावं लागलं. तो तीन तासांचा फरक कुरिअरवाल्याच्या आळशीपणाचा आहे, माझ्या चांगुलपणाचा किती आहे ते मला माहीत नाही. पण तेवढा तरी आहे.

आकडा सहा झालाय. नाक थांबलंय. डोक्याचा फोटो काढायला नेतायत. मला सोबत येऊ देत नाहीत. चाकांचा आवाज लांब जातोय.


बुधवार, ता. १२, इस्पितळ, सकाळ

ताई,

डोक्यात रक्त नाही. फोटो स्वच्छ आला. आकडा सव्वातीन. झडप चालू आहे. डॉक्टरने मला नळी कानाला लावून ऐकवली. ऑक्सिजन अजून लागतो, पण कमी. धोका टळला का, असं मी विचारलं तर म्हणाली, “आज आहे तसा उद्या राहिला तर परवा विचारा.” मला हे उत्तर आवडलं. त्यात ओळ भरायला घातलेला एकही शब्द नव्हता.

भीती गेलेली नाही. आता मला तिचा आवाज ओळखू येतो एवढंच. लिफ्टचं दार उघडलं की येते, कुणी पटापट चालत आलं की येते.

काल संध्याकाळी मला आत सोडलं. मावशीचा हात अजून जांभळा आहे, कडांना पिवळा पडतोय. मी तिला सगळं सांगितलं. घडीचंही. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. मग मास्क बाजूला करून म्हणाली, “ती ओळ वाचता आली असती तर मी घेतल्या नसत्या, असं काही समजू नकोस हं.”

“म्हणजे?”

“तू देत होतीस. मग कागदाला कोण विचारतं?”

मी भांडायला तोंड उघडलं. वकीलबाईला मुद्दाच सापडेना. तीन वर्षं मी म्हणत आले की लोक छोटी अक्षरं वाचतच नाहीत, मग ती कुठे छापली याने काय बिघडतं? तिने मला अगदी बरोबर ठरवलं आणि माझ्या पायांखालची जमीन काढून घेतली. लोक अक्षरं वाचत नाहीत, देणाऱ्याचा हात वाचतात. मग त्या हाताला तरी ती ओळ माहीत असून गप्प बसायचा काय अधिकार होता?

मग म्हणाली, “मोठी येतेय का?” मी म्हणाले, माहीत नाही. म्हणाली, “विचार ना. तोंड आहे तुला, नको तिथे तर बरंच चालतं.”

तर विचारते. येतेस का?

साहेबांना काल नवा कागद पाठवला. गंजलेलं फाटक पूर्ण काढलं, त्यामुळे बरीच जागा झाली. जागा होती, तू म्हणाली होतीस तशी. ‘गरजेनुसार’ही काढला. ती ओळ सगळ्यात वर आहे, मोठ्या अक्षरांत, तिन्ही घड्यांपासून लांब. साहेबांचं उत्तर आलं नाही. एकही टक्का नाही. उद्या टेबल माझं असेल की नाही सांगता येत नाही. आधी छापलेले कागद लोकांच्या घरांत आहेत, त्यांचं काय करायचं हेही मला माहीत नाही. मी डॉक्टरला सांगितलं, तिने कुठे कळवायचं तो पत्ता लिहून दिलाय. आज तिथेही एक पत्र लिहायचं आहे. त्यात विनोद नसतील.

आणखी एक.

पहिल्या पत्रात मी तुला पिशवी बुचासकट पाठवायला सांगितली होती. तू तीन वर्षं ते बूच शोधलं असशील. बॅगेत, कपाटामागे, रिक्षात पडलं की काय म्हणून. नवीन बूच त्या जुन्या आट्यांना बसत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे पिशवी तुझ्याही कामाची राहिली नसणार. हिवाळ्यात दिवसभर उभी राहून आल्यावर तूही बाटलीलाच मोजा घालत असशील.

तू बॅग भरत होतीस, मावशी तुला अडवत होती, तेव्हा मी पिशवीचं बूच फिरवून काढलं आणि मुठीत धरलं. नंतर शिवणाच्या डब्यात टाकलं, बटणांखाली. मावशीला ते माहीत होतं असं मला वाटतं. तिने त्या डब्याला कधी हात लावला नाही.

आज सकाळी घरून निघताना ते घेतलं. त्यातला रबरी वायसर थोडा वाळला होता, कोमट पाण्यात ठेवून मऊ केला. या लिफाफ्यात आहे, कापसात गुंडाळून. पत्राची घडी त्याच्याभोवतीच घातलीय, त्यामुळे कागद वेडावाकडा दुमडलाय. मावशीला दाखवू नकोस.